पाऊण बहीण, पाव भाऊ

मुंग्यांचं कौतुक करणाऱ्या माणसांचा मला राग येतो. उभा जन्म मुंग्यांच्या अभ्यासात घालवलेल्या बाईनं असं म्हणावं, हे लोकांना चमत्कारिक वाटतं. नोकरी संपली तरी शाळा-कॉलेजांतून बोलावणी येतात आणि विषय ठरलेलाच असतो, मुंग्यांकडून आपण काय शिकावं. फोनवरचा माणूस उत्साहानं सांगतो, मॅडम, शिस्त, एकी, कष्ट, त्याग यावर बोला. मी विचारते, त्याग कुणाचा? तो गडबडतो. म्हणतो, म्हणजे आपलं, मुंग्यांचा. मी म्हणते, जे कधी हातातच येऊ दिलं नाही ते कुणी त्यागत नसतं. मग बोलावणं आपोआप मागं पडतं आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. हा राग मला कोणत्या पुस्तकातून मिळालेला नाही. तो चौसाळ्याच्या आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमधून माझ्याबरोबर आला आणि अजून तसाच आहे. तो आला कसा, एवढंच इथं सांगायचं आहे.

आमचं घर अगदी रस्त्यावर. पुढं किराणा दुकान, मधे राहतं घर, मागं परस आणि परसात ती शेड. शेडमध्ये शेवयांचं मशीन. अप्पा, म्हणजे आमचे वडील, त्याला कारखाना म्हणत. दिवस उजाडला की पहिला आवाज अप्पांच्या पूजेतल्या घंटीचा, दुसरा हायवेवर गिअर बदलत जाणाऱ्या ट्रकचा आणि तिसरा मशीनच्या पट्ट्याचा, फटक फटक, जो दिवेलागणीपर्यंत थांबत नसे. त्या आवाजावर आवाज चढवूनच आम्ही बोलायला शिकलो, म्हणून आमच्या घरातल्या बायका आजही मोठ्यानं बोलतात. दुपारी परसात बांबूंवर ओल्या शेवया लोंबत असायच्या, त्यांच्या मधून वाकून ये-जा करायची, आणि अंगाला सदा भिजलेल्या रव्याचा आंबूस वास. जेवायला भाकरी, शेंगदाण्याची चटणी, येसराच्या भाजक्या पिठाची आमटी. शेवया मात्र आमच्या ताटात सणालाच, त्याही पाकिटात घालता न येणाऱ्या, तुटलेल्या. चुरा म्हणायचे त्याला. गुळाच्या पाण्यात शिजवलेला तो चुरा मला तेव्हा फार आवडायचा. आज कुणी पुढं केला तर घास उतरत नाही.

त्या वर्षांत सगळं भराभर बदलत होतं. रस्त्यावरचे ट्रक वाढले, आमच्या दुकानाशेजारी एसटीडीचं पिवळं बूथ आलं, दुकानात शांपूच्या आणि क्रीमच्या पुड्यांच्या माळा लटकल्या, आणि अप्पांच्या ध्यानात आलं की शहरातल्या बायकांना आता घरी शेवया करायला सवड नाही. माणूस हुशार होता, हे मी रागातसुद्धा नाकारत नाही. त्यांनी मशीन आणलं, पाकिटं छापून घेतली. पाकिटावर लाल मुंगी, तोंडात गव्हाची लोंबी, आणि नाव 'मुंगी छाप शेवया'. अप्पा भाविक. पूजा झाली की कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून, चिमूटभर साखर घेऊन परसात यायचे आणि लिंबाच्या झाडाखालच्या वारुळाशी ती घालायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगायचे, "मुंगीकडं बगा. मजुरी मागत न्हाई, सुट्टी मागत न्हाई, राबती. आमच्या घरच्या बायका तशाच."

घरच्या बायका म्हणजे आई, मी, आणि मुख्य म्हणजे अक्का. महानंदा. माझी थोरली बहीण. आमच्या दोघींच्या मधला विश्वनाथ, आमचा भाऊ. अक्का दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि त्याच सुट्टीत मशीन आलं, म्हणून तिची सुट्टी संपलीच नाही. रव्यात पाणी किती घालायचं ते तिच्या बोटांना कळायचं. मशीन अडलं तर पट्ट्याचा आवाज ऐकून ती सांगायची की जाळीत खडा आहे का तेल कमी पडलंय. तिच्या हातांना उन्हाळ्यात भेगा पडायच्या, त्यात मीठ जायचं, ती हात झटकायची आणि पुन्हा घालायची. विश्वनाथ नव्यानं निघालेल्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेला. तो स्वभावानं वाईट नव्हता. त्याला आपल्यापुढं ताट कुठून येतं हे बघायची सवय कुणी लावली नव्हती, एवढंच. त्याचं ॲडमिशन झालं त्या दिवशी अप्पा इतके खुशीत होते की त्या भरात माझं बीडच्या कॉलेजातलं बीएस्सीसुद्धा मंजूर होऊन गेलं. माझं शिक्षण असं दुसऱ्याच्या पेढ्यांतून पडलेल्या कणासारखं मला मिळालं.

कॉलेजात आम्हाला प्राणिशास्त्र शिकवायला जाधव सर होते. तरुण, बारीक, बोलताना खडूचे तुकडे करायची सवय. ते फार चांगलं शिकवायचे, आणि पुढचं सगळं सांगताना हे विसरून चालणार नाही. मुंग्यांचं आनुवंशशास्त्र मी त्यांच्याकडून शिकले. त्यांनी फळ्यावर दोन रेघा ओढल्या आणि म्हणाले, मुंग्यांत मुलगी जन्मते ती फळलेल्या अंड्यातून. तिला आई आहे, बाप आहे. मुलगा जन्मतो न फळलेल्या अंड्यातून. त्याला आई आहे, बाप नाही. आम्ही हसलो. सर म्हणाले, हसू नका, इथंच सगळी गंमत आहे. बापाकडं जनुकांचा एकच संच, म्हणून तो प्रत्येक मुलीला तोच्या तो देतो. त्यामुळं सख्ख्या बहिणी एकमेकींशी पाऊण नात्यानं जोडलेल्या असतात. स्वतःच्या लेकीशी मात्र अर्ध्याच. म्हणून कामकरी मुंगी स्वतःची लेक वाढवण्यापेक्षा आईच्या लेकी वाढवते, असं एक मत आहे. मी हात वर करून विचारलं, "सर, आणि भावाशी?" सरांनी खडू मोडला. "पाव," म्हणाले. "म्हणून बऱ्याच वारुळांत कामकरी मुंग्या भावांना बेतानं भरवतात आणि बहिणींना भरपूर." मी बसमध्ये चौसाळा येईपर्यंत हसत होते. पाऊण बहीण, पाव भाऊ. घरी येऊन अक्काला सांगितलं. ती रवा मळत होती. म्हणाली, "मुंग्यांना अक्कल हाय मग."

आज तो पाऊण-पावाचा हिशेब शास्त्रज्ञ तितका सरळ मानत नाहीत. राणीनं अनेक नरांशी संग केला की बहिणींचं नातं पातळ होतं, आणि वाळवीत तर असा हिशेबच नसताना अख्खी वसाहत राबते. कामकरी बहिणी एकमेकींची अंडी खाऊन टाकतात, एकमेकींवर पहारा ठेवतात, संधी मिळाली तर गुपचूप स्वतःची अंडी घालतात. वारूळ म्हणजे गुण्यागोविंदानं नांदणारं घर, हे बाहेर उभं राहून साखर घालणाऱ्या माणसाला वाटतं.

अप्पा ज्या वारुळाला साखर घालायचे, तिथल्या मुंग्या लहान लाल नव्हत्या. मोठ्या, काळ्या, उन्हात करडी झाक मारणाऱ्या. आम्ही त्यांना मुंगळे म्हणायचो. मुंगळा म्हटलं की आपल्याला पुल्लिंग वाटतं, मोठा आहे म्हणजे नर असणार. त्या सगळ्या माद्या. वारुळाच्या तोंडाशी मातीचा कठडा, त्यावर चिमण्यांची पिसं, काड्या आणि स्वतःच्याच मेलेल्या बहिणींचे सांगाडे रचून ठेवलेले. रस्त्यापलीकडं रशीदचाचांचं गॅरेज होतं. आमचं मशीनही तेच दुरुस्त करायचे. त्यांच्याकडच्या ट्रक रंगवणाऱ्याकडून मी बारीक ब्रश आणि रंग आणला आणि मुंग्यांच्या पाठीवर ठिपके दिले. पावसाचं पाणी वारुळात शिरलं की त्या घर बदलायच्या. वाट माहीत असलेली एक पुढं, नवी एक तिच्या मागं, मागचीनं आपल्या मिशा पुढचीच्या अंगाला सतत लावलेल्या. स्पर्श सुटला की पुढची थांबायची. अशा एकेकीला हाताशी धरल्यासारखं नेऊन सगळं वारूळ हलायचं. हे पाहताना मला खरंच भरून यायचं. मी सरांना सांगितलं, ते मुद्दाम चौसाळ्याला आले, आणि आम्ही वारुळाचा एक भाग उकरून काचेच्या भांड्यात कॉलेजात नेला.

तिथं सरांनी मला जे दाखवलं ते मी अजून विसरू शकत नाही. या जातीत राणी नसते. वेगळी, मोठी, पंखांची राणी जन्मतच नाही. कोषातून बाहेर पडणारी प्रत्येक मादी आई होऊ शकते. तिच्या पाठीवर, जिथं पंख असायचे तिथं, दोन इवल्या गाठी असतात, ज्वारीच्या दाण्याचं टोक असावं तशा. त्या गाठी शाबूत असतील तर ती नराशी संग करू शकते. पण वसाहतीत गाठी शाबूत असतात एकीच्याच. ती आणि तिच्याबरोबरच्या मोठ्या, नवी कोषातून निघाली की तिला धरतात आणि तिच्या गाठी कुरतडून तोडतात. भिंगाखाली मी ते पाहिलं. फिकट रंगाची, अजून पाय नीट न टेकणारी ती पोर, तिला दोघींनी दाबून धरलेलं, आणि तिसरी कुरतडते आहे. ती धडपडली, मग धडपड थांबली. सर म्हणाले, "आता ही भित्री होईल. नुसत्या गाठी गेल्या असं नाही, तिचं वागणंच बदलतं. जन्मभर कामकरी." मी डोळा भिंगावरून काढला. विचारलं, "म्हणजे सर, हिला मूल नको होतं असं नाही?" "छे," सर म्हणाले, "हिला विचारलंय कुणी?"

हे वाक्य सरांचं. माझं नाही.

आता उमापूरचं सांगते. उमापूरला एक गिरणीवाले होते, आमच्याच समाजातले. त्यांना शेवयांचं मशीन घ्यायचं होतं म्हणून बाप-लेक आमचं मशीन बघायला आले. मुलाचं नाव शिवानंद. अप्पा बापाशी बोलत बसले आणि मुलगा शेडमध्ये अक्काला विचारत होता, जाळी कशी धुता, रवा कुठला घेता. अक्का उत्तरं देत होती. तो म्हणाला, "तुमी इंजिनिअर व्हायचं सोडून हितं काय करता?" अक्का मोठ्यानं हसली. तिला तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. निघताना बापानं सोयरिकीचा विषय काढला होता, पण पुढं त्यांच्याकडून काही कळलं नाही. काही दिवसांनी आईनं विचारलं तेव्हा अप्पा जेवता जेवता म्हणाले, "त्यांना पोरगी पसंत पडली न्हाई. रंगानं सावळी म्हणत्यात." अक्का भाकरी थापत होती. तिनं भाकरी उलटली. त्यानंतर दुकानातल्या माळेतून क्रीमच्या पुड्या कमी होऊ लागल्या. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून ती हळद-बेसन तोंडाला चोळायची. दोन वर्षं चोळत होती. गालाची साल निघायची. अप्पा रोज ते तोंड बघत होते.

शिवरात्र झाली, ऊन तापायला लागलं, आणि अप्पांनी दुसरं, मोठं मशीन आणलं. त्याचं उद्घाटन ठरलं. शेडपुढं मांडव, लाउडस्पीकर, तालुक्याचे एक पुढारी, बँकेचे साहेब आणि पाहुणे म्हणून जाधव सर. अक्काचा सत्कारही ठेवला होता. सकाळी रशीदचाचा मशीन बसवून द्यायला आले. मी त्यांना पाना-पक्कड देत होते. पट्टा चढवता चढवता ते सहज म्हणाले, "तुमच्या अक्काला बोल बेटा, शिवानंदकी शादी हो गयी. लई दिवस थांबला होता बिचारा."

मी विचारलं, "कोण थांबला होता? त्यांनीच तर नको म्हणलं."

चाचा पट्टा सोडून माझ्याकडं बघायला लागले. "कोन बोला? दोन बार निरोप दिला उनो. एक बार तो मैंच लेके आया था. तुमचे अप्पा बोले, पोरीला लग्नच करायचं न्हाई, तिनं घराला वाहून घेतलंय." मग त्यांना कळलं की आपण काय बोलून बसलो. कपाळावर हात मारून म्हणाले, "या अल्ला. तुमाला माहीत न्हाई?"

मी अक्काला शोधत घरात धावले. ती नव्या साडीत, बायकांच्या घोळक्यात, आणि तिला स्टेजकडं नेत होते. मी हाक मारली ती स्पीकरच्या गाण्यात बुडून गेली.

भाषणं झाली. अक्काला शाल घातली, नारळ दिला. मग सर उभे राहिले. मुंगी छाप शेवयांच्या कारखान्यात आपल्याला मुंग्यांवरच बोलायला आवडेल, असं म्हणाले, लोक खूश झाले. आणि सर म्हणाले, "कामकरी मुंगी स्वतः आई होत नाही. ती आपल्या भावंडांसाठी राबते. विज्ञान सांगतं की हे तिच्या जनुकांतच आहे. तिच्यावर कुणी सक्ती करत नाही. महानंदाताईंकडं पाहिलं की मला त्या निसर्गनियमाची आठवण होते." टाळ्या. अप्पांनी डोळे पुसले. खरोखर पुसले, ढोंग नव्हतं, आणि मला वाटतं त्या डोळे पुसण्याचा राग मला सगळ्यात जास्त आला.

मी बायकांच्या मागच्या रांगेत उभी राहिले. "सर, तुम्ही अर्धंच सांगितलं."

माझा आवाज मोठा, मशीनवर घडलेला. स्पीकर लागत नव्हता. सर थांबले. मी म्हणाले, "बहिणीशी पाऊण आणि भावाशी पाव, असं तुम्हीच शिकवलंत. मुंग्या भावाला बेतानं भरवतात. आमच्या घरी सगळं भावाला जातं, ते कोणत्या जनुकात बसतं?" थोडे लोक हसले. "आणि सक्ती नाही म्हणता? त्या लिंबाखालच्या मुंग्यांच्या पोरींना धरून, दाबून, गाठी तोडताना तुम्हीच मला भिंगातून दाखवलंत. हिला विचारलंय कुणी, असं तुम्हीच म्हणालात. माझ्या बहिणीला विचारलंय का कुणी? उमापूरच्यांनी तिला नको म्हणलं नव्हतं. दोनदा मागणी घातली. अप्पांनी परस्पर परतवून लावली, आणि हिला सांगितलं तू काळी."

पुढच्या रांगा वळून माझ्याकडं बघायला लागल्या. अक्का स्टेजवर होती, मी तिच्याकडं बघितलं नाही, मी अप्पांकडं बघत होते. अप्पांनी माईक घेतला. त्यांना राग यायला हवा होता. ते हसले. "पोरगी हुशार हाय," म्हणाले, "कॉलेजात घातली तवाच ठरलं, आता ही बापाला शिकवणार." सगळा मांडव सुटल्यासारखा हसला. पुढारी हसले, बँकेचे साहेब हसले. सर पण हसले. नारळ फुटला, मशीन सुरू झालं. अक्कानं अंगावरची शाल काढली, घडी घातली, टेबलावर ठेवली आणि घरात निघून गेली. ते कुणी बघितलं नाही, सगळे नव्या शेवया बघत होते.

सर निघताना मला म्हणाले, "शिवलीला, ते सत्काराचं व्यासपीठ होतं. वर्ग नव्हता." मी विचारलं, "मग खरं ते वर्गातच ठेवायचं का सर?" ते म्हणाले, "तू अजून लहान आहेस." ज्यांना सगळं माहीत असतं आणि यजमानाचं जेवण जेवल्यावर जे अर्धंच सांगतात, अशी माणसं मला पुढं फार भेटली. ज्यांना काही माहीत नसतं त्यांच्याशी माझं कधी भांडण झालं नाही.

मला वाटलं होतं अक्का मला जवळ घेईल. ती स्वयंपाकघरात चुलीपुढं बसली होती, चूल पेटवलेली नव्हती. मी आत गेले तशी म्हणाली, "माझा निवाडा चौकात करायला तुला कुणी सांगितलं होतं?"

"अक्का, मला सकाळीच कळलं. चाचांनी—"

"मला सांगायचं होतंस. मला. दोनशे माणसांत कावून? पुढाऱ्याला कळलं, बँकवाल्याला कळलं, मग मला कळलं." तिचा आवाज चढला नाही, त्यानं मला जास्त भीती वाटली. "त्यो तुजा सर मला मुंगी म्हणला. बापानं तर पाकिटावर छापलीच. तू उठलीस, मला वाटलं, ही तरी... तू बी मुंगीच म्हणलीस. गाठी तोडलेली. माणूस म्हणलं का गं कुणी?"

मला रडू आलं आणि रडण्याचाही राग आला. मी म्हणाले, "मग काय गप्प बसायचं होतं?" ती म्हणाली, "गप मी बी बसणार न्हाई. पण माझं मी बोलंन." मांडवात मी उठून उभी राहिले ते मला आजही बरोबर वाटतं. तिचं म्हणणंही बरोबर होतं. ही दोन्ही बरोबरं मी अजून एका ठिकाणी बसवू शकलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्याचा आवाज झाला नाही. अक्का देवघराच्या दाराशी अप्पांची पूजा संपायची वाट बघत बसली होती. अप्पांनी विभूती लावली, वळले.

अक्का म्हणाली, "उमापूरच्यांनी मला नको म्हणलं होतं का?"

अप्पा म्हणाले, "तुज्याशिवाय हे घर चालतंय का, सांग."

"मी ते इचारलं न्हाई."

"विश्वनाथचं शिक्षण होऊ दे म्हणलं, मग बघू. मी काय वैरी हाय का तुजा?"

"अप्पा, नको म्हणलं होतं का?"

अप्पांनी बोटांची विभूती धोतराला पुसली. "न्हाई."

"मग मला काळी कावून म्हणलं?"

 अप्पा आईकडं बघायला लागले, जणू हे सांभाळून घेणं तिचं काम. आईनं आयुष्यात अप्पांना उलट उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, "सांगा की. मला बी ऐकायचंय." अक्का म्हणाली, "दोन वर्षं तोंड घासलं मी. तुमी रोज बगत होता." आणि ती उठली. पिशवीत दोन साड्या घातल्या. आईनं धपाटे आणि चटणी फडक्यात बांधून दिली आणि एकच शब्द बोलली, "जा." युसूफ वडगावला आमची मावशी होती, विधवा, कपडे शिवायची. अक्का तिच्याकडं गेली. अप्पा दुकानाच्या गल्ल्यावर बसून रस्त्याकडं बघत होते, ती त्यांच्या समोरून गेली.

माझं कॉलेज बंद, असं अप्पांनी त्याच दुपारी जाहीर केलं. पुढच्या सोमवारी आई माझ्याबरोबर स्टँडपर्यंत चालत आली आणि मी गाडीत बसेपर्यंत उभी राहिली. घरी परतल्यावर तिचं आणि अप्पांचं काय झालं ते तिनं कधी सांगितलं नाही. मी कॉलेजात गेले, सरांच्या तासाला पहिल्या बाकावर बसले आणि त्यांच्या डोळ्यांत बघत टिपणं घेतली. पुढच्या शिक्षणासाठी त्यांनी मला शिफारस दिली, चांगली दिली. मी ती घेतली. आभार मानले नाहीत.

नवं मशीन वर्षभर कसंबसं चाललं. अप्पांनी मजुरीच्या बायका लावल्या, त्या सुट्टी मागायच्या, पगार मागायच्या, अप्पांना तो अन्याय वाटायचा. विश्वनाथ सुट्टीत आला तेव्हा त्याला मशीनवर उभं केलं, तो दोन दिवसांत अंग दुखतं म्हणून परत गेला. त्यात मोठ्या कंपन्यांच्या रंगीत पाकिटातल्या शेवया आमच्याच दुकानात, आमच्याच फळीवर येऊन बसल्या. अक्कानं तिकडं मावशीच्या ओसरीवर हातानं शेवया करायला सुरुवात केली होती. मग शेजारच्या दोन बायका तिच्याबरोबर आल्या, मग रशीदचाचांनी तिला कुठलं तरी जुनं मशीन मिळवून, दुरुस्त करून दिलं. पाकिटावर चित्र नव्हतं. नुसतं गावाचं नाव.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याकडं गेले होते तेव्हा अप्पा आले. एसटीनं, एकटे, हातात पिशवी. ओसरीच्या पायरीवर बसले. वाळलेले वाटले. अक्कानं पाणी दिलं. ते मशीनकडं बघत राहिले, मग म्हणाले, "घरी चल महानंदा. तुज्याशिवाय तिकडं काहीच चालत न्हाई."

मी आतून ऐकत होते. मला वाटलं आता ती रडेल, किंवा ओरडेल. मी तिच्या जागी असते तर ओरडले असते. अक्का आत आली, ताट वाढलं. भाकरी, वांग्याची भाजी, आणि वाटीत दुधात शिजवलेल्या शेवया, लांब, अखंड. ताट अप्पांच्या पुढं ठेवलं. "जेवून घ्या," म्हणाली. "चारची गाडी हाय परतीची."

अप्पांनी मान खाली घातली आणि जेवले. सगळं जेवले. हात धुताना मला म्हणाले, "हिला सांग तू. तुजं ऐकंल." मी म्हणाले, "मी तिच्या वतीनं बोलत नाही अप्पा." ते गेले. आम्ही कुणी स्टँडवर गेलो नाही.

अक्कानं ताट उचललं, खरकटं काढलं. शेजारच्या बायका परत कामाला आल्या होत्या, ओसरीवर हसणं-बोलणं सुरू झालं होतं. मी तिला हळूच विचारलं, "अक्का, राग गेला का गं तुझा?"

ती परातीत पाणी ओतत होती. माझ्याकडं बघितलंही नाही.

"कावून जाईल?" म्हणाली. "कुठं जायचं हाय त्याला? माझाच हाय त्यो, माझ्यापाशीच ऱ्हाईल. तू हात धू आधी, रवा भिजलाय."